अंगणातली मोडकी मोटार आणि कायद्याची नजर

एफ. स्कॉट फिट्झजेरल्डच्या 'द ग्रेट गॅट्स्बी' (१९२५) या कादंबरीच्या दुसऱ्या प्रकरणात राखेचे ते सुप्रसिद्ध खोरे येते. न्यूयॉर्क शहर आणि लाँग आयलंडवरची श्रीमंतांची घरे यांच्या मध्ये पसरलेला हा राखाडी पट्टा, जाहिरातफलकावरून त्याच्याकडे रोखून पाहणारे डॉ. एकलबर्गचे चष्मेधारी डोळे, आणि त्या डोळ्यांच्या टप्प्यात उभे असलेले विल्सनचे गॅरेज. कादंबरी वर्गात शिकवताना आपण त्या डोळ्यांविषयी पुष्कळ बोलतो. गॅरेजच्या अंधाऱ्या कोपऱ्यात धूळ खात बसलेल्या फोर्ड मोटारीच्या सांगाड्याविषयी मात्र सहसा कोणी बोलत नाही. पुढे चाळीस वर्षांनी, १९६५ साली, अमेरिकन काँग्रेसने महामार्गांच्या सौंदर्यीकरणाचा कायदा केला, तेव्हा त्याच्या पहिल्या दोन भागांचे विषय नेमके हेच होते : रस्त्याकडेचे जाहिरातफलक आणि रस्त्यावरून दिसणारे मोडक्या मोटारींचे साठे. कादंबरीकाराने एका चौकटीत बसवलेल्या दोन वस्तू कायद्याने एकाच झाडूने झाडायला घेतल्या. योगायोगच हा; पण विचार करायला लावणारा योगायोग आहे.

प्रस्तुत लेखाचा विषय त्या केंद्रीय कायद्याहून लहान आणि सामान्य माणसाच्या उंबरठ्याच्या अधिक जवळचा आहे. अमेरिकेतल्या शहरांनी, गावांनी आणि काउंट्यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शेकड्यांनी असे नियम केले की, माणसाने स्वतःच्या जमिनीवर, स्वतःच्या मालकीची, पण न चालणारी मोटार उघड्यावर ठेवू नये. वरवर पाहता हा विषय साफसफाई खात्याचा वाटेल. परंतु हे नियम वाचू लागले की ध्यानात येते, त्यांतला बराचसा मजकूर व्याख्यांचा आहे. मोटार केव्हापर्यंत मोटार असते आणि कोणत्या क्षणी ती भंगार होते, हे ठरवण्याची खटपट तिथे चालली आहे. एखाद्या वस्तूला नाव देण्याचा अधिकार कोणाकडे, हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकांना परका नसावा. इथे त्या नावावर दंड होतो, आणि नाव एकदा लागले की वस्तू घरासमोरून उचलूनही नेता येते.

प्रथम शब्दच पाहू. इंग्रजीतला 'जंक' हा शब्द मूळचा खलाशांचा. जहाजावरच्या जुन्या, झिजलेल्या दोरखंडांना ते जंक म्हणत. हे दोर टाकून देत नसत. त्यांचे तुकडे करून, पिळे उलगडून, त्यांचा काथ्या काढीत आणि तो डांबरात भिजवून लाकडी जहाजांच्या फटी बुजवीत. डिकन्सच्या 'ऑलिव्हर ट्विस्ट'मध्ये अनाथ ऑलिव्हरला वर्कहाउसात जे काम नेमून दिले जाते, ते हेच, जुन्या दोरांचा काथ्या सोडवण्याचे. म्हणजे या शब्दाच्या जन्मापासून त्यात एक गृहीत होते : वस्तूचे एक आयुष्य संपले, दुसरे बाकी आहे. १९६५च्या कायद्यात जंकची जी व्याख्या आहे तिच्यात तांबे, पितळ, चिंध्या, बॅटऱ्या, कागद, रबर, मोडक्या मोटारी यांच्या यादीत 'दोर' हा शब्द अजून टिकून आहे. मोटारींच्या युगात महामार्गाच्या कडेला जुने दोर कोण साठवीत असेल? कायद्याचा मसुदा लिहिणाऱ्यांना भंगारवाल्यांविषयीचे जुने नियम हाताशी होते, त्यांतून तो शब्द सरकत आला असावा असे मला वाटते. शब्द राहिला, त्यातले दुसऱ्या आयुष्याचे गृहीत मात्र गळून गेले.

मराठीत आपल्याकडे या बाबतीत शब्दांची श्रीमंती आहे. 'भंगार' वजनावर विकले जाते. 'अडगळ' विकली जात नाही. ती माळ्यावर राहते आणि कधीतरी उपयोगी पडेल या आशेवर जगते. 'मोडीत काढणे' ही क्रिया आहे, आणि तिला कर्ता लागतो. वस्तू आपोआप मोडीत निघत नाही, कोणीतरी तसे ठरवावे लागते. भालचंद्र नेमाडे यांनी आपल्या कादंबरीच्या उपशीर्षकात अडगळीला 'समृद्ध' हे विशेषण लावले, तेव्हा अनेकांना तो विरोधाभास वाटला. वास्तविक अडगळ या शब्दात ती शक्यता आधीच होती. अमेरिकन नगर-नियमांची अडचण अशी की त्यांना अडगळ आणि भंगार यांत फरक करणारा शब्द नव्हता, किंवा तो त्यांना नको होता.

मोटारीच्या आधी रस्त्यावर मरून पडत ते घोडे. १८८० साली एकट्या न्यूयॉर्क शहराने रस्त्यांवरून सुमारे १५,००० मेलेले घोडे उचलले, असा आकडा इतिहासकार देतात. मेलेल्या घोड्याला किंमत होती : कातडे, हाडे, चरबी, सरस. त्याचा वासही सुटे, म्हणून तो लवकर उचलला जाई. जुन्या इंग्रजी-अमेरिकन कायद्यात 'उपद्रव' ही संकल्पना अशा वास, धूर, आवाज, रोगराई यांच्याभोवती उभी होती. शेजाऱ्याच्या चामड्याच्या कारखान्याची दुर्गंधी तुमच्या घरात येत असेल तर न्यायालय तुमचे ऐकत असे. शेजाऱ्याचे घर कुरूप आहे, एवढ्यावर मात्र ते ऐकत नसे. नाकाला आणि कानाला कायद्यात जागा होती, डोळ्याला नव्हती. १९०५ साली न्यू जर्सीच्या सर्वोच्च अपील न्यायालयासमोर पॅसेइक शहराचे जाहिरातफलकांविषयीचे प्रकरण आले, तेव्हा न्यायालयाने असाच निर्वाळा दिला की, सौंदर्यदृष्टी ही चैनीची बाब आहे, गरजेची नव्हे, आणि तेवढ्या कारणाने कोणाच्या मालमत्तेवर बंधन घालता येणार नाही.

भंगाराविषयीचे त्या काळचे स्थानिक नियमही दिसण्याविषयी नव्हते. ते चोरीविषयी होते. भंगारवाल्याने परवाना घ्यावा, कोणाकडून काय घेतले याची वही ठेवावी, असे त्यांचे स्वरूप. धंद्यात स्थलांतरित, विशेषतः पूर्व युरोपातून आलेले ज्यू आणि इटालियन लोक मोठ्या संख्येने होते, आणि स्थानिकांच्या मनातला त्यांच्याविषयीचा संशय त्या वह्यांच्या सक्तीमागे नव्हताच असे म्हणता येत नाही.

मग मोटार आली. १९०८ ते १९२७ या काळात फोर्डने दीड कोटी 'मॉडेल टी' गाड्या तयार केल्या. एवढ्या गाड्या जन्माला आल्या म्हणजे तेवढ्या कधीतरी मरणारही होत्या. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकापासून गावांच्या वेशीवर मोडक्या गाड्यांची कुरणे दिसू लागली, आणि त्यांना लोकांनी नाव दिले 'मोटारींचे स्मशान'. छायाचित्रकार वॉकर इव्हान्सने १९३५ साली पेनसिल्व्हेनियात अशाच एका जागेचे छायाचित्र घेतले. उतरत्या कुरणावर गवतात बुडालेल्या गाड्यांची रांग आहे, मागे मोकळे आकाश. मंदीच्या त्या वर्षांत या जागा मृत नव्हत्या. शेतकरी तिथून चाक, स्प्रिंग, रेडिएटर नेत असे, मॉडेल टीच्या इंजिनावर करवत किंवा पाण्याचा पंप चालवीत असे. 'स्मशान' हे लोकांनी गमतीने दिलेले रूपक पुढे १९६५च्या कायद्यात रीतसर व्याख्या केलेली संज्ञा होऊन बसले. मृत रूपके भाषेत पुष्कळ असतात, परंतु कायद्याच्या कलमात जाऊन पुरलेले रूपक विरळाच! १९४२ साली, युद्धासाठी पोलादाची टंचाई पडली, तेव्हा हीच स्मशाने देशभक्तीच्या नावाने रिकामी करण्यात आली. तेवढ्या काळापुरते भंगार हे राष्ट्रीय धन झाले.

युद्धानंतर जे घडले ते सौंदर्यशास्त्रात नव्हे, पोलादाच्या भट्टीत घडले. हा भाग साहित्याच्या वाचकाला रूक्ष वाटेल, पण त्यावाचून पुढचे काही कळत नाही. जुन्या 'ओपन हार्थ' भट्टीत निम्म्यापर्यंत भंगार घालता येत असे. १९५२ साली ऑस्ट्रियातल्या लिन्झ येथे जी नवी 'बेसिक ऑक्सिजन' पद्धत सुरू झाली तिच्यात भंगाराचे प्रमाण त्याहून बरेच कमी ठेवावे लागे. अमेरिकन कारखान्यांनी पुढच्या दोन दशकांत ही भट्टी स्वीकारली आणि भंगाराची मागणी घसरली. त्यातही मोटारीचे भंगार गिऱ्हाइकाला नको असे. तारांमधले तांबे पोलादात उतरले तर पोलाद बिघडते. हाताने तांबे सोडवायचे तर मजुरी परवडत नाही. गाडी उघड्यावर जाळून गादी आणि रबर नष्ट करायचे, तर हवेच्या प्रदूषणाविरुद्धचे नियम आड येऊ लागले. परिणाम सरळ होता. पूर्वी जुन्या गाडीचे भंगारवाला पैसे देत असे. आता गाडी ओढून न्यायला मालकाला पैसे मोजावे लागत. मालकाने नंबरपाटी काढून घेतली आणि गाडी रस्त्यावर सोडली. ज्याच्याकडे जमीन होती त्याने ती घरामागे, ओढ्याकाठी, झाडाखाली लावून ठेवली.

न्यूयॉर्क शहरात १९६०च्या सुमारास वर्षाला अडीच हजारांच्या आसपास बेवारस गाड्या उचलाव्या लागत. ते दशक संपता संपता हा आकडा ५०,०००च्या वर गेला. इतक्या थोड्या वर्षांत अमेरिकन नागरिकाची नीतिमत्ता वीसपट ढासळली असे कोणी म्हणू लागले तर ते हास्यास्पद ठरेल. भंगाराचा भाव पडला होता, एवढेच. परंतु नगर-नियमांच्या प्रस्तावना वाचल्या तर भावाचा उल्लेख जवळजवळ सापडत नाही. तिथे शब्द आहेत ते ऱ्हासाचे, अनास्थेचे, उंदरांचे, मुलांना होणाऱ्या अपघातांचे. आणि हटकून येणारा शब्द म्हणजे 'ब्लाइट'. हा शब्द वनस्पतिशास्त्रातला. आपण बटाट्या-टोमॅटोच्या पिकावर पडतो त्या करप्याला म्हणतो तोच. नगररचनाकारांनी तो वस्त्यांना लावला. करपा म्हटला की तो पसरतो, आणि पसरतो म्हणून रोगट पान वेळीच खुडावे लागते, हे सगळे त्या एका शब्दात आपोआप येते. वेगळा पुरावा द्यावा लागत नाही. (गंजाला इंग्रजीत जो शब्द आहे तोच पिकावरच्या तांबेऱ्यालाही आहे, ही या संदर्भातली आणखी एक गंमत.)

डोळ्याला कायद्यात जागा मिळण्याची गोष्टही याच सुमाराची. १९२६ साली ओहायोतल्या युक्लिड गावाच्या प्रकरणात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जमिनीच्या वापराचे विभाग पाडणे घटनेला धरून आहे असे मान्य केले. १९५४ साली 'बर्मन विरुद्ध पार्कर' या खटल्यात न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी त्यापुढे जाऊन असे प्रतिपादन केले की, शहर निरोगी असावे तसेच ते सुंदरही असावे, हे ठरवण्याचा अधिकार लोकप्रतिनिधींना आहे. हा खटला वॉशिंग्टनच्या नैर्ऋत्य भागातल्या पुनर्विकासाचा होता, आणि त्या पुनर्विकासात जे हलवले गेले त्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय रहिवासी होते, हेही सांगितले पाहिजे. सौंदर्याचा अधिकार कायद्यात आला तो अशा दाराने आला. पुढे १९६५ साली ओरेगॉन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ओरेगॉन सिटी या गावाचा, मोटारी मोडण्याच्या आवारांना गावात सर्वस्वी बंदी करणारा नियम सौंदर्याच्या कारणावर उचलून धरला. पॅसेइकच्या निकालाला तोवर साठ वर्षे झाली होती. चैन होती ती गरज झाली.

त्याच वर्षी केंद्राचा कायदा आला. अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ८ फेब्रुवारी १९६५ रोजी काँग्रेसला निसर्गसौंदर्याविषयी खास संदेश पाठवला. मे महिन्यात व्हाइट हाउसमध्ये त्या विषयावर परिषद भरली. आणि २२ ऑक्टोबर रोजी कायद्यावर सही झाली. त्यांच्या पत्नी लेडी बर्ड जॉन्सन यांनी या कायद्यासाठी इतका पाठपुरावा केला होता की लोक त्याला त्यांच्याच नावाने ओळखू लागले. कायद्याने सांगितले ते असे : आंतरराज्य आणि मुख्य महामार्गांपासून १,००० फुटांच्या आत असलेली भंगाराची आवारे झाडे, कुंपण किंवा तत्सम आडोशाने झाकावीत, म्हणजे ती धावत्या वाटेवरून दिसणार नाहीत, नाहीतर हलवावीत. औद्योगिक विभागांना सूट होती. जे राज्य हे करणार नाही त्याचा महामार्गासाठीचा केंद्रीय निधी १० टक्क्यांनी कापला जाईल.

इथे जरा थांबावेसे वाटते. मोडकी गाडी नाहीशी करा, असे हा कायदा म्हणत नाही. ती दिसू देऊ नका, असे म्हणतो. आणि दिसू देऊ नका कोणाला, तर चालत्या गाडीत बसलेल्या माणसाला. ज्या गाडीतून तो जातो आहे तिचाच उद्याचा देह कुंपणापलीकडे आहे, आणि त्याची त्याला आठवण होऊ नये अशी सरकारी तजवीज! आपल्याकडच्या कथेत राजपुत्राला म्हातारा, रोगी आणि प्रेत दिसू नये म्हणून वडिलांनी रस्ते झाडून घेतले होते. शुद्धोदनाला जे साधले नाही ते वॉशिंग्टनला कुंपणे घालून बरेचसे साधले.

केंद्राचा कायदा धंद्याच्या आवारांपुरता होता. घरगुती अंगण त्याच्या कक्षेत येत नव्हते. तिथे स्थानिक नियम पोहोचले. त्यांची नोंद घेण्यासारखी उदाहरणे दोन राज्यांच्या संहितांत मिळतात, कारण अमेरिकेत गावाला असे अधिकार राज्याकडून मिळतात. कॅलिफोर्नियाच्या वाहन संहितेतले कलम २२६६० शहरांना आणि काउंट्यांना सोडून दिलेल्या, मोडलेल्या, सुटे भाग काढलेल्या किंवा न चालणाऱ्या गाड्या 'सार्वजनिक उपद्रव' ठरवून खाजगी जमिनीवरूनसुद्धा उचलण्याचा अधिकार देते. पुढचे कलम त्याची रीत सांगते : दहा दिवसांची नोटीस, मागणी केल्यास सुनावणी, आणि एक अपवाद. गाडी पूर्णपणे इमारतीच्या आत असेल आणि रस्त्यावरून किंवा शेजारच्या जागेवरून दिसत नसेल, तर तिला हा नियम लागू नाही. व्हर्जिनियाच्या संहितेतली व्याख्या आणखी बोलकी आहे. न चालणारी गाडी म्हणजे कोणती? जी चालण्याच्या स्थितीत नाही ती. किंवा चाके, इंजिन यांसारखे आवश्यक भाग काढून जिला ६० दिवस झाले ती. किंवा जिच्यावर वैध नंबरपाटी अथवा वैध तपासणीची खूण, दोहोंपैकी काहीच नाही ती.

तिसऱ्या पर्यायाकडे नीट पाहावे. गाडी उत्तम चालत असेल, किल्ली फिरवताच सुरू होत असेल, तरी तिच्यावरचे कागद संपले तर ती 'न चालणारी' ठरते. यंत्राची अवस्था आणि कागदाची अवस्था या दोन गोष्टी व्याख्येने एकाच शब्दात कोंबल्या. व्यवहारात हे समजण्यासारखे आहे. निरीक्षक प्रत्येक गाडी चालवून पाहू शकत नाही, पाटी मात्र दुरून वाचता येते. पण नियम वाचनीय खुणेवर चालू लागला की तो त्या खुणेविषयीचा नियम होतो. विमा आणि नोंदणी भरायला या महिन्यात पैसे नाहीत, म्हणून गाडी अंगणात उभी केली, असे ज्याचे झाले त्याची गाडी दोन महिन्यांत भंगार होऊ शकते. आणि दारासमोर तीन गाड्यांचे बंद गॅरेज ज्याच्याकडे आहे त्याने आत कितीही सांगाडे ठेवावेत, ते भंगार नव्हेत. तो त्याचा छंद आहे. नियमाच्या अक्षरात कोठेही गरीब-श्रीमंत हा भेद नाही. तो भेद 'इमारतीच्या आत' या दोन शब्दांत गुपचूप बसलेला आहे.

ज्यांच्या अंगणात गाड्या उभ्या असत ते त्यांच्याकडे कसे पाहत, हे नियमांतून कळत नाही. त्यासाठी साहित्याकडे यावे लागते. जेम्स डिकीची 'चेरीलॉग रोड' ही कविता त्याच्या १९६४च्या 'हेल्मेट्स' या संग्रहात आहे, म्हणजे महामार्गाच्या कायद्याच्या एक वर्ष आधीची. दक्षिणेतल्या ग्रामीण भागात, कुडझूच्या वेलींनी गिळलेल्या भंगाराच्या आवारात एक मुलगा एका गाडीतून दुसऱ्या गाडीत शिरत आपल्या प्रेयसीची वाट पाहतो. अभ्यासक या कवितेत कामभावना आणि मृत्यू शोधतात, ते बरोबरच आहे. मला मात्र त्या मुलीचे काम लक्षणीय वाटते. ती येताना स्क्रू सैल करीत, दिवे, स्पार्क प्लग, बंपर गोळा करीत येते, कारण कडक बापाच्या घरी परत जाताना हातात काहीतरी दाखवायला हवे. या बहाण्याचा अर्थ असा की, त्या गावात तरुण मुलीने भर दुपारी भंगाराच्या आवारात सुटे भाग आणायला जाणे ही कोणालाही न खटकणारी, नेहमीची गोष्ट होती. बापाला ते पटणार होते. ते आवार तिथल्या लोकांचे कोठार होते, आणि कवीला ते वेगळे सांगावे लागले नाही. उलट जॉन स्टाइनबेक. 'ट्रॅव्हल्स विथ चार्ली' (१९६२) या प्रवासवर्णनात अमेरिकन शहरांभोवती साचलेल्या गंजक्या मोटारींच्या राशी पाहून तो विषण्ण होतो. 'द ग्रेप्स ऑफ रॉथ' (१९३९)मध्ये ज्याने जोड कुटुंबाची जुनी हडसन गाडी हजारो मैल चालवली, आणि वाटेत निकामी झालेल्या दुसऱ्या गाडीसाठी भंगाराच्या आवारातून सुटा भाग मिळवून दिला, तोच हा लेखक. तेव्हा तो त्या आवारात भाग शोधणाऱ्यांबरोबर उभा होता. आता तो रस्त्यावरून जात होता. दोन्ही दृष्टी खऱ्या आहेत. कायद्याने त्यांतली एकच ऐकली, याचा मला विषाद वाटतो.

ही दृष्टी पुढे कोठवर गेली त्याचा एक दाखला द्यायला हवा. १९६९ साली मानसशास्त्रज्ञ फिलिप झिम्बार्डो यांनी एक गाडी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात आणि एक कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो या सुखवस्तू गावात, नंबरपाटी काढून, बॉनेट उघडे ठेवून उभी केली. ब्राँक्समध्ये दहा मिनिटांच्या आत पहिले लोक आले : आई, वडील आणि लहान मुलगा, असे एक कुटुंब. त्यांनी बॅटरी आणि रेडिएटर काढून नेले. दिवसभरात कामाचे सगळे भाग गेले आणि मग मोडतोड सुरू झाली. मोडतोड करणारे बरेचसे नीटनेटक्या कपड्यांतले गोरे लोक होते, हे झिम्बार्डोंनी नोंदवले आहे. पालो आल्टोतल्या गाडीला आठवडाभर कोणी हात लावला नाही. पाऊस आला तेव्हा कोणा वाटसरूने तिचे बॉनेट लावून घेतले. शेवटी झिम्बार्डोंनी स्वतःच तिच्यावर घण घातला, आणि मग इतरांनीही त्यात भाग घेतला. मार्च १९८२च्या 'द अटलांटिक मंथली'मध्ये जेम्स क्यू. विल्सन आणि जॉर्ज केलिंग यांनी 'फुटक्या खिडक्यां'चा आपला गाजलेला सिद्धान्त मांडला त्यात हा प्रयोग आधारासाठी घेतला. दुर्लक्षाची एक खूण दिसली की तिच्या पाठोपाठ गुन्हेगारी येते, असे त्या सिद्धान्ताचे सार, आणि नव्वदच्या दशकात न्यूयॉर्कच्या पोलिसांनी त्यावर आपले धोरण उभे केले. सोडलेली गाडी हे चिन्ह झाले. वस्तू म्हणून तिला काही अर्थ उरला नाही. बॅटरी आणि रेडिएटर काढून नेणारे ते कुटुंब गुन्हेगारीच्या साखळीतली पहिली कडी म्हणून वाचले गेले. टाकलेल्या गाडीतून उपयोगाची वस्तू घेणारी माणसे म्हणूनही ते वाचता आले असते. मुलाला बरोबर आणले होते, म्हणजे आपण चोरी करीत आहोत असे त्यांना वाटत नसावे.

न्यायालयांनी या नियमांना सरसकट मुभा दिली असे नाही. कॅलिफोर्नियातल्या सँटा ॲना शहराने एका घराच्या कुंपणामागच्या गाड्या नोटीस आणि सुनावणी यांचे सोपस्कार करून उपद्रव ठरवल्या, आणि अधिकाऱ्यांनी वॉरंट न घेता आवारात शिरून त्या नेल्या. १९९० साली नवव्या परिमंडळाच्या केंद्रीय अपील न्यायालयाने सांगितले की, सुनावणी झाली असली तरी कुंपणाच्या आत शिरायला वॉरंट हवेच. गाडी भंगार ठरली म्हणून अंगण सरकारी होत नाही. निकाल महत्त्वाचा आहे; पण त्याने व्याख्येला हात लावला नाही. भंगार कशाला म्हणावे, हे गावाच्याच हाती राहिले.

दरम्यान ज्या कारणाने हे सारे सुरू झाले ते कारणच बदलले होते. अख्खी मोटार मुठीएवढ्या तुकड्यांत फाडून चुंबकाने लोखंड वेगळे करणारी यंत्रे साठच्या दशकात पसरली, आणि सत्तरच्या दशकापासून केवळ भंगारावर चालणाऱ्या विजेच्या भट्ट्यांचे छोटे पोलाद कारखाने उभे राहिले. भाव सुधारला. जुन्या गाडीला पुन्हा गिऱ्हाईक आले. नियम मात्र जिथल्या तिथे राहिले, आणि भावाशी त्यांचा कधी संबंध होता हेही लोक विसरून गेले.

आपल्याकडे हा प्रश्न वेगळ्या ठिकाणी उभा राहिला. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १२७ सार्वजनिक जागी दहा तास किंवा अधिक काळ सोडून दिलेल्या वाहनाविषयी बोलते. आणि आपल्याकडे गंजत उभ्या असलेल्या गाड्यांचे सर्वांत परिचित दृश्य कोठले? पोलीस ठाण्याच्या आवारातले. मुद्देमाल म्हणून जप्त केलेल्या, वर्षानुवर्षे खटल्याची वाट पाहत, पिंपळाची रोपे अंगावर वाढवीत उभ्या असलेल्या त्या गाड्या. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात अशी वाहने ठाण्यात दीर्घकाळ पडू देण्यात काही अर्थ नाही, योग्य हमी घेऊन ती सोडावीत, असे सांगितले. म्हणजे अमेरिकेत ज्या वस्तूसाठी सरकार नागरिकाला नोटीस देते, त्या वस्तूचा आपल्याकडचा ठळक साठेदार सरकारच. २०२१ साली वाहने मोडीत काढण्याच्या केंद्रांसाठी नियम झाले. मोडीत काढण्याला आता प्रमाणपत्र असते. तिथेही व्याख्येचा कर्ता बदलत चालला आहे. गाडी संपली हे पूर्वी मालक किंवा फार तर मिस्त्री सांगत असे.

शेवटी पुन्हा कॅलिफोर्नियाच्या त्या कलमाकडे. उपद्रव म्हणून उचलून नेलेली गाडी पुन्हा कधीही दुरुस्त करून चालती करू नये, असे ते बजावते. मात्र याला एक अपवाद ठेवला आहे : गाडी ऐतिहासिक वाहनाच्या किंवा 'बिनघोड्याच्या गाडी'च्या खास नंबरपाटीला पात्र असेल, तर तिला पुनर्जन्माची परवानगी आहे. या दुसऱ्या पाटीसाठी गाडी १९२२ किंवा त्यापूर्वी बनलेली असावी लागते. 'द ग्रेट गॅट्स्बी'चे कथानक १९२२च्या उन्हाळ्यात घडते. विल्सनच्या गॅरेजमधली ती फोर्ड तेव्हाच मोडकळीला आलेली होती, म्हणजे ती त्या वर्षानंतरची असणे शक्य नाही. ती कॅलिफोर्नियात असती, आणि आजवर कोणाच्या तरी कोठारात टिकली असती, तर तिला ही पाटी मिळाली असती.